‘डिस्क १ घाला’ : फ्लॉपी ड्राइव्ह नसलेल्यांसाठी सोपी मार्गदर्शिका

नवा संगणक घेतला, जुना कोपऱ्यात सरकवला आणि आता जुन्यातले ‘ते’ सॉफ्टवेअर नव्यात हवे आहे, अशा यवतमाळ जिल्ह्यातील सर्व होतकरूंसाठी ही मार्गदर्शिका आहे. पतसंस्थेचे व्यवस्थापक, जिनिंगचे दिवाणजी, तहसीलसमोरचे अर्जनवीस, टायपिंगच्या क्लासवाले आणि छापखान्यांचे मालक यांनी ती जरूर वाचावी. सोयीसाठी आपण दत्त चौकाच्या आसपासचा एक छापखाना उदाहरण म्हणून घेऊ. छापखाना काल्पनिक आहे. अडचणी नाहीत.

पूर्वज्ञानाची गरज नाही. उलट पूर्वज्ञान असलेले लोक पहिल्या पायरीलाच घरी निघून जातात, असा अनुभव आहे.

साहित्य

१. फ्लॉपी : सापडतील तितक्या.
२. यूएसबीला लागणारी फ्लॉपी ड्राइव्ह : एक.
३. नवा संगणक : एक. ज्याने विकला त्याचा फोन नंबर जवळ ठेवा. तो उचलणार नाही, तरी ठेवा.
४. जुना संगणक : तोच. अजून भंगारात दिला नसेल तर अर्धे काम झाले.
५. यूपीएस : चालू अवस्थेतला. लाईन कधी जाईल ते सांगता येत नाही.
६. ते सॉफ्टवेअर पूर्वी रोज वापरणारी व्यक्ती : एक. बाजारात मिळत नाही.
७. चहा : लागेल तसा.

पायरी १ : कायले पाहिजे, ते ठरवा

मालकांना विचारा, “हे सॉफ्टवेअर कायले पाहिजे?” उत्तर येईल, “लागते ना.” हे उत्तर धरू नका. पुन्हा विचारा. “इतके वर्षं त्याच्यावरच काम केलं.” हेही धरू नका. तिसऱ्यांदा विचारल्यावर खरे कारण बाहेर पडते. तुळशीचे लग्न लागले की दुकानात एक गिऱ्हाईक येते आणि म्हणते, “मोठ्याच्या लग्नात होती तशीच पत्रिका पाहिजे जी. नाव तेवढं बदलून द्या.” मोठ्याच्या लग्नाची पत्रिका जुन्या संगणकात, जुन्या सॉफ्टवेअरमध्ये, जुन्या फॉन्टमध्ये आहे. तिच्यात दोन्ही घरांची मंडळी उतरत्या मानाने लावलेली आहेत. तो क्रम लावताना घरात एकदा भांडण होऊन गेले आहे आणि ते पुन्हा कोणालाही नको आहे.

म्हणजे हवी आहे ती पत्रिका. हे वाक्य एका कागदावर लिहा आणि कागद भिंतीला चिकटवा. नवव्या पायरीला त्याची गरज पडेल. बहुतेक लोक हा कागद लिहीत नाहीत आणि थेट दुसऱ्या पायरीवर उडी मारतात. तुम्हीही तेच कराल, म्हणून मार्गदर्शिका पुढे चालू ठेवत आहोत.

पायरी २ : फ्लॉपी शोधा

फ्लॉपी पुढील ठिकाणी सापडतात : लोखंडी कपाटाच्या खालच्या कप्प्यात, जुन्या बिलबुकांच्या खाली, शाई वाळलेल्या स्टॅम्पपॅडच्या खोक्यात, आणि स्टॅबिलायझरच्या अगदी डोक्यावर. फ्लॉपीवरची माहिती चुंबकाच्या जोरावर टिकलेली असते आणि चुंबकानेच जाते. त्यामुळे स्पीकर, स्टॅबिलायझर वगैरे मंडळींच्या शेजारी ती ठेवायची नसते. ही सूचना तुम्हाला थोडी उशिरा मिळत आहे.

लेबल वाचा. एकावर ‘मास्टर’, दुसऱ्यावर ‘मास्टर – हात लावू नये’ आणि तिसऱ्यावर ‘मास्टर (खरी)’ असे असेल. तिसरी घ्या. संच सात फ्लॉपींचा असेल तर सहा सापडतात. सातवी कुठे गेली याबद्दल घरात प्रत्येकाचे वेगळे मत असते आणि सर्व मते ‘मी नाही नेली’ इथे एकत्र येतात. ती बहुधा जुन्या संगणकाच्या ड्राइव्हमध्येच अडकलेली असते. शेवटच्या वेळी घातली, काम झाले, काढायची राहिली. ड्राइव्हच्या फटीत बॅटरी मारून बघा. दरवर्षीच्या दसऱ्याचे कुंकूही तिथेच दिसेल.

पायरी ३ : फ्लॉपी ओळखा

आपल्याकडे फ्लॉपी दोन आकारांत आढळतात. सव्वापाच इंची, हातात धरली की लवते ती. आणि साडेतीन इंची, टणक प्लास्टिकच्या वेष्टनात आणि पत्र्याच्या सरकत्या झाकणात असते ती. तुमच्याकडे साडेतीन इंची असेल तर आनंद माना. सव्वापाच इंची असेल तर चौथी पायरी संपेपर्यंत आनंद मानू नका.

आता कुलूप लावा, म्हणजे चुकून काही पुसले जाणार नाही. इथे नवशिक्यांची एक गंमत होते. सव्वापाच इंची फ्लॉपीला कडेला खाच असते. ती खाच झाकली की फ्लॉपीवर लिहिता येत नाही. साडेतीन इंचीला कोपऱ्यात सरकती खिट्टी असते. तिथले भोक उघडे ठेवले की लिहिता येत नाही. मोठीला झाकायचे, छोटीला उघडायचे. असे उलट का, हे विचारू नका. ज्यांनी ठरवले त्यांनीही एकमेकांना विचारलेले दिसत नाही.

साडेतीन इंची फ्लॉपीचे पत्र्याचे झाकण अंगठ्याने हलकेच सरकवा आणि आतली काळपट तबकडी उजेडात तिरपी धरून पाहा. मधली धातूची चकती बोटाने फिरवत पूर्ण वेढा बघा. तबकडी सगळीकडे सारखी चमकली तर उत्तम. पांढुरके ठिपके किंवा जाळ्यासारखी रेघ दिसली तर ती बुरशी आहे. पावसाळ्यात बंद कपाटात पापडाला लागते, तशीच हिलाही लागते. बुरशी लागलेली फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घालू नका. ड्राइव्हचे हेड फिरत्या तबकडीला टेकलेले असते. ते बुरशी खरवडते, तबकडीवर चरा पाडते, आणि मग तेच माखलेले हेड पुढच्या चांगल्या फ्लॉपीवर फिरते. एका बुरशीदार फ्लॉपीने अख्खा संच नासवल्याची उदाहरणे आहेत.

“फुंकर मारून पाहू का?” नको. फुंकरीत थुंकी असते.

पायरी ४ : ड्राइव्ह मिळवा

नव्या संगणकाला फ्लॉपीची फट नसते. हा दुकानदाराचा कंजूषपणा नव्हे. अॅपलने १९९८ च्या आयमॅकमधून ती काढून टाकली तेव्हा लोकांनी बोटे मोडली. पुढे हळूहळू बाकीच्यांनीही काढली. साडेतीन इंची फ्लॉपी जगाला देणाऱ्या सोनीनेच २०११ साली तिची विक्री थांबवली. तुमच्या छापखान्याला बातमी आता लागली, एवढेच.

बाजारात जा. पहिल्या दुकानात विचारा. “होती न जी. मागच्या महिन्यातच भंगारवाल्याले देल्ली.” दुसऱ्या दुकानातला पोरगा वस्तूचे नाव दोनदा विचारून घेईल आणि मोबाइलवर चित्र बघून म्हणेल, “हे काय असते काका?” तिसरा दुकानदार जाणता असतो. तो चष्मा वर करून सांगेल, “अमरावतीले पाहा. नाहीतर सिध्धे नागपूरले जा.” नागपूर दीडशे किलोमीटर. कळंब, देवळी, वर्धा करत एसटीने जाऊन याल आणि तिथला दुकानदार म्हणेल की ऑनलाइन मागवा. ऑनलाइन मागवली की यूएसबीला लागणारी ड्राइव्ह घरपोच यवतमाळला येते. नागपूरची चक्कर ऐच्छिक आहे.

ड्राइव्ह जोडली की संगणकात ‘ए’ नावाची जागा उगवते. मालकांच्या डोळ्यांत पाणी येईल. येऊ द्या.

सव्वापाच इंचीवाल्यांनी इथे थांबावे. अशा तयार यूएसबी ड्राइव्ह फक्त साडेतीन इंचीच्या असतात. मोठ्या फ्लॉपीसाठी चौतीस टाचण्यांची पट्टीदार केबल घेणारा जुना संगणकच सोपा पडतो. तो साहित्याच्या यादीत चौथ्या क्रमांकावर होता. भंगारवाल्याने अजून तोडला नसेल अशी आशा करून आजच निघा.

दरम्यान कोणी हसले तर त्याला सांगा : अमेरिकेच्या अण्वस्त्रांना हुकूम पोचवणारी यंत्रणा २०१९ पर्यंत आठ इंची फ्लॉपींवर चालत होती. जपानच्या सरकारने ‘अर्ज फ्लॉपीवर सादर करावा’ अशा अर्थाचे नियम २०२४ साली हटवले. छापखाना दत्त चौकाजवळचा असला तरी संगत मोठी आहे.

पायरी ५ : फ्लॉपीची हुबेहूब प्रत काढा

फ्लॉपीवरून थेट सॉफ्टवेअर बसवायला जाऊ नका. आधी प्रत्येक फ्लॉपीची प्रतिमा काढून संगणकात ठेवा. फाइली ओढून नवीन फोल्डरमध्ये टाकणे निराळे आणि प्रतिमा काढणे निराळे. प्रतिमेत फ्लॉपीचा प्रत्येक कप्पा, रिकामासुद्धा, जसाच्या तसा उतरतो. हे काम करणारी साधने सहज मिळतात. लिनक्स वापरणाऱ्या भाच्याला बोलावल्यास तो एका ओळीत करून देतो आणि पुढे तासभर लिनक्सबद्दल बोलतो.

प्रतिमा १.४४ एमबीची निघायला हवी. म्हणजे नेमकी किती? दोन बाजू, प्रत्येक बाजूला ८० वर्तुळे, प्रत्येक वर्तुळात १८ कप्पे, प्रत्येक कप्प्यात ५१२ बाइट. गुणाकार १४,७४,५६० येतो. हजाराच्या हिशोबाने ही १.४७ एमबी झाली, १०२४ च्या हिशोबाने १.४१. ‘१.४४’ येण्यासाठी एकदा १०२४ ने आणि एकदा हजाराने भागावे लागते. असा हिशोब जिनिंगच्या दिवाणजीने केला असता तर शेतकऱ्यांनी काटा बंद पाडला असता. संगणकवाल्यांनी तो फ्लॉपीच्या खोक्यावर छापला.

प्रत निघताना ड्राइव्ह गुरगुरेल. एका लयीत गुरगुरली तर ठीक. थांबून, मागे जाऊन, पुन्हा तोच आवाज काढू लागली तर कप्पा खराब आहे. जुन्या डॉसमध्ये अशा वेळी पडद्यावर तीन पर्याय येत : अबॉर्ट, रिट्राय, फेल. आपल्याकडे परंपरेने ‘रिट्राय’ दाबतात आणि सोबत ड्राइव्हवर थाप मारतात. थाप मारू नका. खराब कप्पा पुन्हापुन्हा वाचून जमेल तेवढे गोळा करणारी साधने आहेत, ती वापरा. फ्लॉपी काढून परत घातली किंवा दुसऱ्या ड्राइव्हमध्ये वाचली तरी पुष्कळदा तो कप्पा वाचला जातो.

सहावी फ्लॉपी निम्मी झाली असताना लाईन जाईल. साहित्य क्रमांक ५ पाहा.

पायरी ६ : सेटअप चालवा

आता सगळे फ्लॉपीतले संगणकात आले आहे. सेटअपवर दोनदा टिचकी मारा. पुढे काय होते ते क्रमाने असे.

अडथळा पहिला. सॉफ्टवेअर म्हणेल, ‘ए ड्राइव्हमध्ये डिस्क १ घाला.’ डिस्क १ संगणकातच आहे, पण त्याला ते मान्य नाही. त्याच्या काळी डिस्क ए मध्येच असे. एखाद्या फोल्डरलाच ‘ए’ म्हणवून घेण्याची एक आज्ञा विंडोजमध्ये आहे, ‘सब्स्ट’. काही सॉफ्टवेअर एवढ्यावर फसतात. काही खमके असतात. ते फ्लॉपीचे लेबलही तपासतात आणि फसत नाहीत. त्यांच्यासाठी पाचव्या पायरीतली प्रतिमा खोट्या ड्राइव्हमध्ये चढवावी लागते.

अडथळा दुसरा. सॉफ्टवेअर म्हणेल, ‘डिस्कवर जागा अपुरी आहे.’ तुमची डिस्क पाचशे जीबीची आणि सॉफ्टवेअर दहा एमबीचे. घाबरू नका. त्या काळी दोन जीबीच्या पुढची डिस्क कोणाच्या डोक्यात नव्हती. मोकळी जागा मोजताना आकडा त्याच्या पाटीत मावत नाही, उलटून ऋण होतो आणि जागा शून्याच्या खाली आहे असे त्याला वाटते. जागा फार झाली म्हणून अपुरी पडते, हे मालकांना समजावून सांगण्यात वेळ घालवू नका.

अडथळा तिसरा, याच जातीचा. टर्बो पास्कलमध्ये लिहिलेले काही जुने कार्यक्रम सुरू होताच ‘शून्याने भागाकार’ अशी चूक दाखवून मरतात. संगणक किती वेगवान आहे ते मोजायला त्यांनी एक फेरा घातलेला असतो. नवा संगणक तो फेरा इतक्या झटकन संपवतो की हिशोबच कोलमडतो. थोडक्यात, संगणक फार चांगला आहे म्हणून चालत नाही.

अडथळा चौथा, मोठा. विंडोज म्हणेल, ‘हे अॅप तुमच्या संगणकावर चालू शकत नाही.’ जुने सॉफ्टवेअर १६ बिटी, आजचे विंडोज ६४ बिटी, आणि ६४ बिटी विंडोज १६ बिटी कार्यक्रमांना दारातही उभे करत नाही. विंडोज ११ तर ६४ बिटीतच येते. कधीकधी आणखी मौज असते. सॉफ्टवेअर स्वतः ३२ बिटी असते, चाललेही असते, पण ते बसवणारा सेटअप १६ बिटी असतो. नवरदेव आत जाऊ शकतो, वरात दारातच अडते.

उपाय एकच : नव्या संगणकाच्या पोटात जुना संगणक उभा करणे. डॉसचे सॉफ्टवेअर असेल तर डॉसबॉक्स पुरते. ते फुकट आहे आणि २००२ पासून मुख्यत्वे जुन्या खेळांच्या वेडापायी लोक ते सांभाळत आले आहेत. पोरांच्या खेळापायी थोरांचे हिशोब चालतात, हे लक्षात ठेवा. विंडोज ९८ किंवा एक्सपीच्या काळातले असेल तर व्हर्च्युअलबॉक्ससारखे साधन घ्या, त्यात ते जुने विंडोज बसवा, प्रतिमा त्याच्या खोट्या ड्राइव्हमध्ये एकेक चढवा. ‘डिस्क २ घाला’ म्हटले की मेन्यूतून दुसरी निवडा. जुन्या विंडोजचा परवाना हवा. तुम्ही तो त्या वेळी विकत घेतलाही असेल; अशीही माणसे जिल्ह्यात आहेत.

इथवर आलात तर सॉफ्टवेअर बसते. मालक विचारतील, “बसलं का रे?” पोरगा म्हणेल, “बसलं जी, पन चालून नाही राहिलं.” पुढची पायरी वाचा.

पायरी ७ : चावी लावा

सॉफ्टवेअर सुरू होताच चावी मागते. चावी म्हणजे जुन्या संगणकाच्या पाठीमागे प्रिंटरच्या पंचवीस टाचण्यांच्या खोबणीत खोचलेले, काडेपेटीएवढे ठोकळेवजा डोंगल. ते इतकी वर्षे तिथेच असल्याने संगणकाचाच भाग समजून अनेकांनी संगणकासोबत भंगारात दिले आहे. सॉफ्टवेअरची किंमत त्या ठोकळ्यात होती. तो गेला की सात मास्टर फ्लॉपी म्हणजे सात पेपरवेट, तेही हलके.

ठोकळा असेल तरी नव्या संगणकाला तशी खोबण नाही. बाजारात यूएसबीचा बदलजोड मिळतो, तो आणू नका. तो प्रिंटरपुरता असतो आणि डोंगलची भाषा त्याला समजत नाही. डेस्कटॉप असेल तर आत बसवायचे पॅरलल पोर्टचे कार्ड मिळते. ते कधी चालते, कधी नाही.

काही सॉफ्टवेअरची चावी फ्लॉपीतच असते. तिच्यावर मुद्दाम एक वेडावाकडा कप्पा केलेला असतो, जो साध्या प्रतिमेत उतरत नाही. काहींमध्ये मोजदाद असते : इतक्या वेळा बसवता येईल, त्यापुढे नाही. तुम्ही सहाव्या पायरीत केलेले सगळे प्रयोग तिने मोजले असतील.

पायरी ८ : ऑपरेटर ताईंना बोलवा

या टप्प्यावर मालकांना आठवते की हे सगळे ताई बघत असत. ताई पूर्वी इथे कंपोझ करायच्या, आता त्यांचे स्वतःचे झेरॉक्सचे दुकान आहे. फोन करा. स्वतः मालकांनी करा, पोराला सांगू नका. “ताई, जरा येऊन जाता काय?”

ताई येतात, खुर्ची ओढतात आणि जुना संगणक सुरू करतात. होय, जुना. तो कोपऱ्यात होताच. तुम्ही सहा पायऱ्या चढत होतात तेव्हा त्याची नुसती वायर निघालेली होती. मॉनिटरच्या कडेला पिवळा पडलेला एक कागद सेलोटेपने चिकटवलेला असतो. त्यावर ऑल्ट दाबून कोणते आकडे मारले की कोणते जोडाक्षर उमटते, ते बॉलपेनने लिहिलेले. ताई त्या कागदाकडे बघतही नाहीत. बोटे रेमिंग्टनच्या कळांवर आपोआप जातात. मोठ्याच्या लग्नाची पत्रिका त्या अर्ध्या मिनिटात उघडून दाखवतात. फाइलचे नाव ‘नवीन२फायनल’ असते. हे नाव त्यांच्याखेरीज कोणाला सुचले नसते आणि सापडलेही नसते.

ताईंना चहा द्या. बिस्किटेही द्या. आणि भिंतीवरचा कागद वाचा.

पायरी ९ : मजकूर बाहेर काढा

कागदावर ‘पत्रिका हवी’ असे आहे. ‘सॉफ्टवेअर हवे’ असे नाही. तेव्हा फाइल पेनड्राइव्हवर घ्या आणि नव्या संगणकावर उघडा. रोमन लिपीतली टोप्या-टिंबे घातलेली अक्षरे भसाभसा बाहेर पडतील. फाइल खराब नाही. खरे कुलूप आता सापडले, इतकेच.

त्या काळच्या मराठी फॉन्टांत कॉम्प्युटरला मराठी कळत नसे. २५६ घरांच्या तक्त्यात रोमन अक्षरांच्या जागी मराठीचे तुकडे बसवलेले असत : इथे अर्धा ग, तिथे काना, पलीकडे रफार. संगणक आपला रोमनच समजून साठवी, फॉन्ट त्यावर मराठीचा मुखवटा चढवी. श्रीलिपी, आकृती, सी-डॅकचे आयएसएम यांचे तक्ते निरनिराळे. एकाचा मजकूर दुसऱ्यात उघडला की चिखल. वास्तविक १९९१ साली भारतीय मानक ब्युरोचा ‘इस्की’ संकेत ठरला होता आणि त्याच साली आलेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरी होती. र. कृ. जोशींनी घडवलेला मंगल फॉन्ट विंडोज २००० पासून संगणकात फुकट येत होता. तरी छापखाने जुन्याच तक्त्यांवर राहिले, कारण पत्रिकेला लागणारी नक्षीदार अक्षरे तिथे होती आणि बोटांना त्याच कळा पाठ होत्या.

यवतमाळकरांना हे शकुंतलेवरून चटकन कळेल. मूर्तिजापूरची ती गाडी ७६२ मिलिमीटरच्या रुळांवर धावली. फेब्रुवारी २०२४ मध्ये वर्ध्याहून कळंबपर्यंत सुरू झालेला रूळ ब्रॉडगेज, १६७६ मिलिमीटरचा. शकुंतलेचा डबा त्यावर चढवायचा म्हणून कोणी क्रेन आणत नाही. प्रवासी आणि त्यांच्या वळकट्या उतरवून नव्या गाडीत बसवतात. तुम्ही सातव्या पायरीपर्यंत क्रेन शोधत होता.

प्रवासी उतरवायचे साधन म्हणजे फॉन्ट कन्व्हर्टर. जुन्या फॉन्टचे नाव द्या, मजकूर चिकटवा, युनिकोड मिळतो. मिळालेला मजकूर लगेच छापायला पाठवू नका. जुन्या फॉन्टात ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होई, कारण ती कागदावर आधी दिसते. युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते. रफाराचे याच्या उलट. कन्व्हर्टर इथे घसरला की प्रत्येक नवरदेवाच्या नावामागचे ‘चि.’ हे ‘िच.’ होते आणि वेलांटी तुटक ठिपक्यांच्या वर्तुळाला लोंबकळत बसते. सौ. कां. कीर्ती ‘कीतीर्’ होते. ते पाहून उत्साही पोरगा संपूर्ण फाइलवर ‘िच’ शोधून ‘चि’ करायला जातो. त्याला थांबवा. जिथे आधीच बरोबर होते तिथल्या ‘तिचे’चे ‘तचिे’ होईल. शब्दाच्या सुरुवातीला आलेल्या वेलांट्याच बदला, बाकीच्या डोळ्यांनी वाचा. ‘आमच्या दादाच्या लग्नाला यायचं हं’ ही खालची ओळ सहसा सुखरूप येते. तिच्यात ऱ्हस्व वेलांटीही नाही आणि रफारही नाही.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*प्र. जुना संगणक सुरू होतो, पण १९८० सालातला १ जानेवारी दाखवतो.*
उ. आतला नाण्याएवढा सेल संपला. सीआर २०३२ म्हणून मागा, घड्याळजीकडेही मिळतो. तो बदलेपर्यंत त्यावर हिशोब लिहू नका. उधारी पंचेचाळीस वर्षे जुनी दिसेल.

*प्र. जुना संगणक ठणठणीत आहे, फक्त फ्लॉपी ड्राइव्ह गेली.*
उ. तिच्या जागी तिच्याच केबलला बसणारी गोटेक नावाची डबी मिळते. फ्लॉपीच्या प्रतिमा पेनड्राइव्हवर ठेवून तिच्यात लावल्या की संगणकाला फ्लॉपीच घातल्यासारखे वाटते. भरतकामाच्या यंत्रांचे मालक अशीच यंत्रे चालू ठेवतात.

*प्र. शेजारचा पोरगा तेच सॉफ्टवेअर इंटरनेटवरून फुकट उतरवून देतो म्हणतो.*
उ. देईल. सोबत जे जे उतरेल ते काढायला पुन्हा त्यालाच बोलवावे लागेल आणि तेव्हा तो पैसे घेईल.

*प्र. सॉफ्टवेअर चालले, पण छपाई होत नाही.*
उ. ते एलपीटी-१ ला शोधत असेल. नवा प्रिंटर यूएसबीवर आहे. डॉसबॉक्स-एक्सला छापील पान फाइल म्हणून काढायला सांगा आणि ती फाइल छापा. डॉट मॅट्रिक्स असेल तर विकू नका. तीन प्रतींचे कार्बनचे बिल अजून तोच काढतो.

*प्र. मजकूर युनिकोडमध्ये आला. आता कुठे ठेवू?*
उ. दोन ठिकाणी, दोन वेगळ्या वस्तूंवर, त्यातली एक दुकानाबाहेर. फाइलला कुटुंबाचे आडनाव, गाव आणि वर्ष द्या. ‘फायनल’ हा शब्द वापरू नका. सोबत साध्या टेक्स्टमध्येही एक प्रत काढा. ती कोणत्याही संगणकावर, कोणत्याही कंपनीला न विचारता उघडते. जुना संगणक हे सगळे झाल्यावरच भंगारात द्या.

*प्र. आणि सॉफ्टवेअर नव्या संगणकावर बसलेच नाही तर?*
उ. तर काही अडत नाही. मोठ्याच्या पत्रिकेवर धाकट्याचे नाव घाला, तारीख आणि मंगल कार्यालय बदला, प्रूफ काढा. प्रूफ मुलीकडच्यांनाही दाखवा. एखाद्या मामाचे नाव गळले, तर त्यावर उपाय सांगणारी मार्गदर्शिका अजून निघालेली नाही.